विश्लेषण : गावाहून आणलेली ‘सीतेची वेणी’ चाळीच्या गॅलरीत का जगत नाही?

मे महिन्याची सुट्टी संपवून लालबाग, परळ, गिरगावचे चाकरमानी कोकणातून परततात, तेव्हा सामानात आंबे, फणस, कोकम असतेच. कधी कधी त्यात एक हिरवा झुबकाही असतो. झाडाच्या खोडावरून ओढून काढलेला, जाड पानांचा आणि पांढऱ्या मुळांचा. ही सीतेची वेणी. गॅलरीतल्या कुंडीत ती लावली जाते, रोज पाणी मिळते आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत ती मरते. असे का होते? आणि दादरच्या फूल बाजारात ऑर्किडची फुले मग येतात कुठून?

सीतेची वेणी म्हणजे काय?

हे सह्याद्री आणि कोकणात आढळणारे ऑर्किड आहे. शास्त्रीय नाव ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा. पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये त्याला पांढऱ्या फुलांचे लांब घोस लोंबतात. प्रत्येक फुलावर गुलाबी-जांभळे ठिपके असतात. घोस वेणीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. आसाममध्ये याच फुलाला ‘कोपौ’ म्हणतात. ते त्या राज्याचे राज्यपुष्प असून बिहूच्या नाचात मुली ते केसांत माळतात.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीनुसार देशात ऑर्किडचे १,२५६ प्रकार आहेत. त्यातले ३८८ भारताबाहेर कुठेही आढळत नाहीत.

हे बांडगूळ आहे का?

नाही. बांडगूळ झाडाच्या आत मुळे घुसवून रस शोषते. सीतेची वेणी झाडाकडून फक्त जागा घेते. दाट जंगलात जमिनीवर ऊन पोहोचत नाही, म्हणून ती फांदीवर बसते. तिथे माती नसते, त्यामुळे पाणी धरण्याचे काम मुळांनाच करावे लागते. मुळांभोवती मृत पेशींचे स्पंजसारखे आवरण असते. पाऊस पडला की ते पाणी आणि सालीवरून ओघळणारी खनिजे चटकन टिपून घेते. मग वाऱ्यावर ते पुन्हा सुकते.

मग कुंडीत काय बिघडते?

दोन गोष्टी. पहिली, सालीला घट्ट चिकटलेली मुळे ओढताना तुटतात. दुसरी, मातीत दाबलेल्या मुळांना हवा मिळत नाही. भिजणे आणि सुकणे हे चक्र थांबते आणि रोजच्या पाण्याने मुळे कुजतात. म्हणजे प्रेमाने घातलेले पाणीच झाडाच्या जिवावर उठते.

एक झुबका गेला तर जंगलाचे काय बिघडते?

ऑर्किडच्या एका बोंडात धुळीसारख्या बारीक बिया असतात. अनेक प्रकारांत त्यांची संख्या लाखांत जाते. पण बीमध्ये अन्नाचा साठाच नसतो. हा चार्जिंग नसलेला फोन समजा. चार्जर म्हणजे सालीवर वाढणारी विशिष्ट बुरशी. ती भेटली तरच बी रुजते. म्हणून लाखो बियांतून जेमतेम काही रोपे उभी राहतात आणि त्यांना फुलायला पुढे अनेक वर्षे लागतात. आपण ओढून काढतो ते झाड अशा वर्षांची पुंजी असते. जुने आंबा, फणस, ऐन तोडले गेले की त्यांच्या फांद्यांवरची अख्खी वस्तीच जाते.

दादरची ऑर्किड कुठून येतात?

फूल बाजारात दिसणारी जांभळी-पांढरी ऑर्किड मुख्यतः डेंड्रोबियम गटातले संकर असतात. काही थायलंडहून येतात, काही आपल्याकडच्या पॉलीहाऊसमधून. अमेरिकी शास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये बुरशीऐवजी साखर घातलेल्या माध्यमावर ऑर्किडचे बी रुजवून दाखवले. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून एकसारखी रोपे तयार करण्याची वाट दाखवली. आज गणपतीच्या मखरात किंवा लग्नाच्या मंडपात लागणारी ऑर्किड ही त्याचीच फळे. त्यासाठी जंगलाला हात लावावा लागत नाही.

मुंबईचा याच्याशी संबंध काय?

जुना आहे. आपल्या भागातल्या ऑर्किडची शास्त्रीय ओळख करून देणारा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९६६ मध्ये आला. त्याचे लेखक एच. सांतापाव आणि झेड. कपाडिया. सांतापाव धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. याच कॉलेजातल्या ब्लाटर हर्बेरियममध्ये पश्चिम भारतातल्या वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने जपले आहेत.

आपण काय करावे?

- राखीव जंगल किंवा अभयारण्यातून झाड काढणे हा गुन्हा आहे. ट्रेकला गेलात तर फोटो काढा, झाड नको.
- गावात वादळात फांदी पडून झुबका खाली आला असेल, तर तो तिथल्याच दुसऱ्या झाडाला सुतळीने बांधा. पावसाळ्यात मुळे पुन्हा धरण्याची शक्यता असते.
- रस्त्याकडेला विकायला ठेवलेल्या ऑर्किडच्या मुळांना सालीचे तुकडे आणि शेवाळ चिकटलेले असेल, तर ते जंगलातून आलेले असण्याची शक्यता मोठी. ते घेऊ नका.
- हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेले ऑर्किड घ्या. ते मातीत न लावता कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा लाकडी फळीवर लावा.

सीतेची वेणी बघायचीच असेल तर जूनमध्ये एखादी फेरी गावाकडे करावी. आजोबांनी लावलेल्या आंब्यावर ती अजून असेल, तर आंबा राखा. वेणी त्याच्यासोबत राहील.