फिकट रंगांच्या दुनियेत डोळा काय शोधतो?

२००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेल्या ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ या जपानी गेममध्ये खेळणारा घोड्यावर बसून एका ओसाड प्रदेशात फिरतो. गवत आहे, पण हिरवंगार नाही. आकाश आहे, पण निळं म्हणावं असं नाही. सगळ्यावर जणू धूळ बसलेली. या माळरानात सोळा महाकाय प्राणी शोधायचे असतात. उन्हात तलवार उंच धरली, की तिच्यावरून निघणारा प्रकाशाचा झोत वाट दाखवतो. तो चटकन दिसतो, कारण आसपास दुसरं काही डोळ्यात भरतच नाही.

‘स्कायरिम’, ‘डार्क सोल्स’ अशा नंतरच्या कितीतरी अद्भुतरम्य गेमनी हाच विटका रंग उचलला. गूढ, उदास वातावरण हे त्याचं उघड कारण. पण त्यामागे डोळ्यांचं शास्त्रही आहे. आपली दृष्टी रंगापेक्षा रंगांतला फरक अधिक टिपते. एकसारख्या वस्तूंच्या गर्दीत एकच वेगळ्या रंगाची वस्तू असेल, तर ती शोधावी लागत नाही. मग भोवती दहा वस्तू असोत की शंभर. लक्ष वेधलं जाण्याच्या या प्रक्रियेचा सिद्धान्त मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन ट्रीझमन यांनी १९८० मध्ये सहकाऱ्यासह मांडला. ‘एल्डन रिंग’मधला (२०२२) सोनेरी महावृक्ष दूरवरूनही नजर खेचून घेतो, तो याचमुळे.

फिकटपणातून अंतरही कळतं. हवेतले रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात, त्यामुळे दूरचे डोंगर निळसर आणि पुसट दिसतात. सह्याद्रीच्या एकामागे एक रांगा पाहताना मेंदू हाच हिशेब करत असतो. सपाट पडद्यावर मैलोन्‌मैल पसरलेला मुलूख भासवायचा, तर मागचे डोंगर पुसट करणं हा चित्रकारांचा जुनाच उपाय आहे.

मात्र, फिके रंग डोळ्यांना आराम देतात, हा समज फारसा खरा नाही. डोळे शिणतात ते पडद्याकडे तासन्‌तास जवळून पाहिल्यामुळे आणि त्या काळात पापण्या कमी लवतात म्हणून.

फिकेपणाची खरी अडचण वेगळीच आहे. २००८ मध्ये ‘डायब्लो ३’ची पहिली दृश्यं आली, तेव्हा ती फार रंगीत असल्याची तक्रार करत चाहत्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीमच काढली. निर्मात्यांचं म्हणणं होतं, की सगळंच करडं केलं तर राक्षस ओळखू येणार नाहीत. चाहत्यांना ते पटलं नाही, पण मुद्दा बिनतोड होता. रंग उतरवायला हरकत नाही. त्यासोबत उजेड-अंधारातला फरकही गेला, तर गोंधळ होतो. बारीक आकार मेंदू मुख्यतः त्या फरकावरूनच ओळखतो. म्हणून चित्र कृष्णधवल करूनही महत्त्वाचं काय ते कळतं का, हे चित्रकार तपासून पाहतात.

याची सर्वाधिक झळ रंगांधांना बसते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. स्त्रियांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, कारण संबंधित जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. आपल्याकडे रेल्वेचालकांच्या भरतीत वापरली जाणारी इशिहारा चाचणी आठवा. तिच्यातल्या ठिपक्यांचा फिकट-गडदपणा मुद्दाम विस्कटलेला असतो, म्हणजे आकडा फक्त रंगावरूनच वाचता यावा. तपकिरी जमिनीवर तितक्याच उजेडाचा, किंचित तांबूस शत्रू उभा केला, तर रंगांध खेळाडूपुढे जवळपास हीच चाचणी येते. फरक एवढाच, की इथे उत्तर देईपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो.

अख्ख्या चित्रावर रंगाचा फिल्टर चढवणं हा यावरचा सोपा उपाय, पण बऱ्याचदा तो अपुरा पडतो. आकार, हालचाल किंवा आवाजातून खूण दिली तर ती अधिक जणांपर्यंत पोहोचते. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ने (२०२२) याहून वेगळा मार्ग घेतला. तिथे एक पर्याय निवडला, की मागच्या दृश्यातले रंग उतरतात आणि शत्रू, सोबती, उचलायच्या वस्तू ठळक रंगांत उठून दिसतात. दृष्टी अधू असलेल्यांसाठी केलेली ही सोय आहे, आणि ती त्याच फिकट रंगांवर उभी आहे.