बॉडीनं नाकारलं नाही, रक्त अडलं

‘बॉडीनं अ‍ॅक्सेप्ट केलं नाही.’ मधुमेहानं किडनी गेलेल्या रुग्णाला किडनी आणि स्वादुपिंड एकाच वेळी बसवल्यावर चार-आठ दिवसांत स्वादुपिंड काढून टाकायची वेळ आली, की आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर हेच वाक्य फिरतं. ऐकायला पटतं, पण बहुतेक वेळा ते खरं नसतं.

शरीर परक्या अवयवावर चाल करून येतं, यात शंका नाही. मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि सुरुवातीलाच दिली जाणारी अँटिबॉडी औषधं आल्यापासून पहिल्या दिवसांतलं नुकसान सहसा रिजेक्शनच्या नावावर पडत नाही. या दिवसांतला मोठा वैरी म्हणजे रक्ताची गुठळी. त्याखालोखाल बसवलेल्या स्वादुपिंडाला येणारी सूज, आतड्याच्या जोडातून गळती, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग.

गुठळी किडनीत क्वचित होते, मग स्वादुपिंडातच का? त्याचं उत्तर शरीररचनेत आहे. आपल्या पोटात स्वादुपिंडाच्या पाठीमागून जाणारी जाड शीर मुख्यतः प्लीहेचं रक्त वाहून नेते. दात्याकडून स्वादुपिंड घेताना प्लीहा कापून वेगळी करतात. शीर तेवढीच रुंद राहते आणि तिच्यात रक्त मात्र थोडंसंच उरतं. पाट मोठा आणि पाणी बोटभर, अशी गत. संथ रक्त गोठतं. त्यात बर्फातून काढून पुन्हा रक्त सुरू केल्यावर अवयव सुजतो, आणि सुजेनं वाट आणखी दबते.

धमनीच्या बाजूला वेगळंच कसब लागतं. स्वादुपिंडाला रक्त दोन धमन्यांतून मिळतं, रुग्णाच्या अंगात मात्र जोड एकाच ठिकाणी द्यायचा असतो. म्हणून सर्जन दात्याच्याच ओटीपोटातली, दोन फाटे फुटलेली धमनी घेतात आणि बर्फाच्या भांड्यात, भिंगाचा चष्मा लावून ते दोन फाटे दोन धमन्यांना शिवतात. रुग्णाच्या पोटावर सुरी टेकण्याआधीच अर्धी लढाई या टेबलावर होऊन गेलेली असते. जोड जरा पिळला गेला किंवा शीर लांब राहून दुमडली, तर पुढची औषधं काय करणार?

शस्त्रक्रियेनंतर तासातासाला शुगर बघतात ती उगाच नाही. नीट चाललेली शुगर अचानक उसळली, की लगेच सोनोग्राफीच्या डॉपलरनं रक्तप्रवाह तपासतात. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनचं गणितही नाजूक. कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर पोटात रक्त.

‘ज्या दात्याची किडनी चांगली, त्याचं स्वादुपिंडही चांगलंच असणार,’ हाही एक समज. तसं नसतं. दात्याचं वय पंचेचाळिशीपुढे, बीएमआय 30च्या वर किंवा मृत्यू मेंदूतल्या रक्तस्रावानं आलेला असेल, तर स्वादुपिंडाचा धोका चढतो. किडनी त्याच दात्याची निभावून जाते. वेळेचंही तसंच. बर्फातली किडनी दिवसभर थांबू शकते. स्वादुपिंड मात्र 12 तासांच्या आत बसलेलं बरं. घेणाऱ्याचं वय, लठ्ठपणा, ओटीपोटातल्या धमन्यांत साचलेला चुना, रक्त लवकर गोठण्याचा आनुवंशिक दोष यांचाही वाटा असतो. पथ्य मोडल्याचा मात्र इथे संबंध नाही. पहिल्या आठवड्यात अवयव गेला म्हणून रुग्णाला ‘गोड खाल्लं असशील’ म्हणणं निव्वळ अन्याय आहे.

स्वादुपिंड गेलं म्हणजे किडनीही गेली, असंही नाही. दोन्ही वेगवेगळ्या जागी, बहुधा उजवीकडे एक आणि डावीकडे एक, बसवलेली असतात. स्वादुपिंड काढलं तरी किडनी चालू राहते. डायलिसिस सुटलेलंच राहतं, इन्सुलिन मात्र परत येतं. उलट किडनी सोबत असण्याचा फायदाच होतो. दोन्ही अवयव एकाच दात्याचे असल्यानं रिजेक्शन सुरू झालं तर किडनीची खबर देणारं क्रिएटिनिन अनेकदा आधी वाढतं. स्वादुपिंड बिघडून शुगर चढेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

पहिल्या दिवसांत इन्सुलिनची ड्रिप दिसली म्हणून घाबरू नये. नव्या अवयवावर ताण नको म्हणून काही डॉक्टर ती मुद्दाम लावतात. शिवाय स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस दोन्ही शुगर वाढवतात. अमेरिकेतल्या अधिकृत व्याख्येत तर वजनाच्या दर किलोमागे रोज अर्धा युनिट किंवा जास्त इन्सुलिन सलग 90 दिवस लागलं, तरच चालू इन्सुलिनवरून अवयव निकामी धरतात. सुरुवात तर याहून खडतर होती. 1966च्या डिसेंबरात मिनेसोटात लिलेहाय आणि केली या सर्जननी पहिल्यांदा हे जोडप्रत्यारोपण केलं, तेव्हाची रुग्ण इन्सुलिनशिवाय राहिली ती जेमतेम काही दिवस.

शेवटचा गैरसमज शस्त्रक्रियेआधीचा. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव असलेल्या माणसाला रात्री दोनला फोन येतो, घरचे बॅग भरून हॉस्पिटलात पोचतात, आणि पहाटे ‘परत जा’ असं सांगितलं जातं. लोकांना यात वशिला दिसतो. पण दात्याचं पोट उघडल्यावर सर्जनच्या बोटांना स्वादुपिंड कडक किंवा चरबीनं लिबलिबीत लागलं, तर ते घ्यायचं नाही, हे तिथेच ठरतं. कुठलाही रिपोर्ट ते आधी खात्रीनं सांगत नाही.