मैदान हवेच, पण मैदानावर रोज उभा राहणारा माणूसही हवा

परभणी तालुक्यातील पेडगावसारख्या गावात पोरांची भांडणे, गुटखा किंवा मोबाइलवरचा पैशांचा जुगार यांचा विषय निघाला की दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, पोरांना मैदान द्या, आपोआप सुधारतील. दुसरा म्हणतो, खेळून कुणाचे पोट भरले, खर्च वाया जाईल. दोन्ही मते अर्धवट आहेत. खेळाने मुलांचे वागणे बदलू शकते याला पुरावा आहे. मात्र तो बदल खेळाच्या नावाने होत नाही, कोण, कसे आणि किती काळ खेळवतो यावर तो ठरतो.

गैरसमज : हल्लीची पोरेच बिघडली आहेत.

वस्तुस्थिती : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात अल्पवयीन मुलांवर 2021 मध्ये 31,170 आणि 2022 मध्ये 30,555 गुन्हे नोंदले गेले. म्हणजे लाट आली आहे असे आकडे सांगत नाहीत. ते वेगळीच गोष्ट दाखवतात. 2022 मध्ये ताब्यात घेतलेल्या 37,780 मुलांपैकी जवळपास 79 टक्के मुले 16 ते 18 वयोगटातील होती. आपल्याकडे हे वय म्हणजे दहावी संपून शाळेचा हात सुटण्याचे. गावातल्या शाळेचे खेळ तिथवर पोचत नाहीत, कॉलेज दूर असते आणि हाताला काम अजून लागलेले नसते. मुले बिघडली म्हणण्याऐवजी या वयाला सांभाळणारी जागा गावात आहे का, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

गैरसमज : मैदानावर गेला की पोर सुधारतो.

वस्तुस्थिती : 2016 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी 51 अभ्यास आणि सुमारे 1 लाख 32 हजार किशोरांची माहिती एकत्र तपासली. नुसते खेळणे आणि गुन्हेगारी वर्तन यांच्यात त्यांना कोणताही ठोस संबंध आढळला नाही. खेळणारी मुले न खेळणाऱ्यांपेक्षा सरळ होती असे नाही, वाकडी होती असेही नाही. यावरून खेळ निरुपयोगी ठरवण्याची घाई मात्र करू नये. गुन्हेगारी कमी करण्याच्या हेतूने आखलेल्या क्रीडा उपक्रमांचा पुढे वेगळा आढावा घेतला गेला, तेव्हा 13 मूल्यमापनांचा एकत्रित निष्कर्ष अनुकूल निघाला. हेतू आणि आखणी असेल तर फरक पडतो, नुसत्या खेळण्याने पडेलच असे नाही. अमेरिकेत 1986 मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग हेच दाखवतो. गुन्ह्यांकडे कललेल्या मुलांच्या एका गटाला तायक्वांदो संयम, आदर आणि ध्यानाच्या शिकवणीसह शिकवले, दुसऱ्याला फक्त मारामारीचे तंत्र शिकवले. पहिल्या गटाची आक्रमकता घटली, दुसऱ्याचा गुन्ह्यांकडचा कल वाढला. लाथा आणि ठोसे तेच होते, शिकवणी वेगळी होती. आपल्या तालमींनाही ही कसोटी लागू आहे. वस्ताद डावांबरोबर शिस्त शिकवतो की फक्त दांडगाई, यावर सगळे ठरते.

गैरसमज : पोरे दमली की वाईट विचार येत नाहीत.

वस्तुस्थिती : शेतात दिवसभर राबणारा पोरही संध्याकाळी भांडतो. थकवा हा उपाय असता तर शेतकऱ्यांच्या गावांत तंटा उरला नसता. अमेरिकेतील मेरीलँडमध्ये 1986 मध्ये ‘मिडनाइट बास्केटबॉल’ सुरू झाले. तरुणांना रात्रीच्या वेळी रस्त्यावरून मैदानावर आणायचे, ही त्यामागची कल्पना होती. 2006 मध्ये आलेल्या एका अभ्यासात असे दिसले की ज्या शहरांनी ही योजना लवकर स्वीकारली तिथे मालमत्तेचे गुन्हे अधिक घटले, पण हिंसक गुन्ह्यांत तसा फरक दिसला नाही. याउलट शिकागोमध्ये 2009-10 या शालेय वर्षात खेळाला आठवड्याच्या गटचर्चेची जोड दिली. राग आला की क्षणभर थांबून विचार कसा करावा, हे मुले तिथे शिकली. उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतील अटक सुमारे 45 टक्क्यांनी घटली. उपक्रम संपल्यावर मात्र हा परिणाम ओसरला. यातून दोन गोष्टी घ्याव्यात : खेळासोबत बोलणारा माणूस लागतो आणि काम अर्ध्यावर सोडून चालत नाही.

गैरसमज : मोठा चषक भरवला की काम झाले.

वस्तुस्थिती : वर्षातून चार दिवस मंडप, डीजे आणि रोख बक्षिसांची स्पर्धा भरते, जिंकणारे संघ बहुधा बाहेरून येतात आणि उरलेले वर्ष मैदान ओस पडते. अशा स्पर्धेभोवती सट्टा लागला तर ज्या व्यसनापासून मुलांना वाचवायचे, तेच मैदानावर येते. टिकलेली उदाहरणे वेगळ्या धाटणीची आहेत. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले, 2022 चा ‘झुंड’ चित्रपटही याच कामावर आधारलेला आहे. मुंबईत कुलाब्याच्या वस्तीत 2006 मध्ये अशोक राठोड यांनी सुरू केलेल्या ‘ऑस्कर फाउंडेशन’चा नियम साधा आहे : शाळा नाही तर फुटबॉल नाही. या कामांचे बळ चषकात नाही, वर्षानुवर्षे हजर राहणाऱ्या माणसांत आणि एखाद्या ठाम अटीत आहे.

गैरसमज : वाया गेलेल्या पोरांनाच गोळा करावे.

वस्तुस्थिती : असे केले की मुलांवर शिक्का बसतो आणि वाईट सवयी एकमेकांना लागतात. बाल न्याय कायदा 2015 नुसार कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे, ती याच शिक्क्यापासून त्याला वाचवण्यासाठी. म्हणून दार सगळ्यांना उघडे हवे आणि मुलींना वेगळी वेळ नव्हे, बरोबरीची जागा हवी.

आता पैशाचा आक्षेप. पाणी, पीकविमा आणि रोजगार यांच्यापुढे खेळाला काय महत्त्व, हा प्रश्न मराठवाड्यात रास्तच आहे. खेळ नोकरीची जागा घेऊ शकत नाही, तसा दावा कुणी करूही नये. पण यासाठी लागणारा खर्च क्रीडासंकुलाचा नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या निकषांत शाळेसाठी क्रीडांगण धरलेलेच आहे. त्याचे फाटक संध्याकाळी उघडे राहावे, एवढा ठराव ग्रामसभा करू शकते. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना साहित्य फारसे लागत नाही. खरा खर्च एका प्रशिक्षकाच्या मानधनाचा आहे, तोच आपण टाळतो आणि चषकाच्या मंडपावर पैसा उधळतो.

पेडगावच्या आणि आसपासच्या गावकऱ्यांना विनंती एवढीच : पुढच्या ग्रामसभेत चषकाची वर्गणी मागितली गेली, तर त्याऐवजी वर्षभराच्या मानधनाची मागणी करा. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना नावाने ओळखणारा, ते चार दिवस दिसले नाहीत तर घरी जाऊन विचारणारा माणूस नेमा. वर्षाच्या शेवटी किती मुले टिकली, किती पुन्हा शिक्षणाकडे वळली आणि किती तक्रारी कमी झाल्या, याचा हिशेब ग्रामसभेतच मागा.