समुद्रातील संदेश आणि बंदरातील वही

१९९३ च्या आरंभी दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरली, तेव्हापासून रायगडच्या किनाऱ्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. २००८ साली 'कुबेर' ही मच्छीमारी नौका बळकावून दहशतवादी मुंबईला आले आणि तो संशय दृढ झाला. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरजवळ तीन एके-४७ रायफली असलेली निर्मनुष्य नौका आढळली. जूनमध्ये ओमाननजीक बिघाड झाल्याने सोडून दिलेली ती नौका वाहत आली होती, असा खुलासा पुढे झाला. तरी प्रश्न उरलाच. समुद्रात कोण आहे, हे किनाऱ्याला कळावे कसे?

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. पहिली संदेशवहनाची. व्हीएचएफ वायरलेसच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे चार मीटर उंचीचे एरिअल असलेल्या दोन नौकांचा संपर्क आठ-नऊ सागरी मैलांपलीकडे सहसा टिकत नाही. किनाऱ्यावरचे एरिअल शंभर मीटर उंचीच्या डोंगरावर नेल्यास हेच अंतर सुमारे पंचवीस मैलांवर जाते. त्यापलीकडे उपग्रहाचा आधार घेता येतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे आरंभ झालेल्या केंद्रीय योजनेत एक लाख नौकांना ट्रान्सपाँडर देण्यासाठी सुमारे ३६० कोटी रुपयांची तरतूद आहे; म्हणजे नौकेमागे सरासरी छत्तीस हजार रुपये. यात तांडेलाला संदेश पाठविताही येतो आणि मिळतोही, हे विशेष.

दुसरी बाजू बंदरातील नोंदीची. संकटाचा संदेश आला, परंतु नौकेवर खलाशी किती आणि कोण, हे किनाऱ्याला ठाऊक नसेल तर शोध कोणाचा घ्यावयाचा? जीवना बंदरातून निघालेली नौका मासळी उतरविण्यास करंजाला गेली, तर एका बंदराच्या कागदी वहीत ती समुद्रातच राहते. सर्व बंदरांची नोंद एकाच संगणकीय यादीत हवी, ती यासाठी.

मात्र संगणक आणला म्हणजे नोंद खरी होते, असे नव्हे. नोंदीचा लाभ साऱ्या समाजाला आणि भरती चुकण्याचा भुर्दंड मात्र एकट्या तांडेलाला, असा हा व्यवहार आहे. अशा स्थितीत तो घाईघाईने अंदाजाचा आकडा सांगून मोकळा होईल, यात नवल नाही. म्हणून त्या नोंदीने प्रथम त्याचे काम केले पाहिजे. परतण्याची वेळ टळताच त्याच्या सहकारी संस्थेला आणि आसपासच्या नौकांना आपोआप सूचना जावी. दुर्दैवाने एखादा खलाशी बुडाला, तर विम्यासाठी त्याच्या घरच्यांना हीच नोंद पुरावा म्हणून मिळावी.

वायरलेसवर खर्च करावा, संगणकही आणावेत. परंतु तांडेल ज्या वहीला आपली मानील, तिच्यातीलच आकडा पोलिसांच्याही उपयोगी पडेल.