पंखा मोठा, आवाज छोटा

संध्याकाळी जेवणाआधी वडील माझ्या खोलीत येऊन बसायचे. मी संगणकावर काम करत असे, ते दिवसभरातलं काहीबाही सांगत. २००६ साली त्यांना श्रवणयंत्र लागलं आणि हळूहळू त्यांचं येणं कमी झालं. विचारलं तर म्हणाले, "तुझ्या त्या डब्याच्या घरघरीत मला तुझं बोलणंच कळत नाही रे." श्रवणयंत्र बोलण्याबरोबर आजूबाजूचा आवाजही वाढवतं. आम्हाला सवयीनं ऐकू न येणारी ती घरघर त्यांच्या कानात गिरणीसारखी चालू असायची. तेव्हा मी पहिल्यांदा कॅबिनेट उघडून हा आवाज येतो कुठून, ते पाहिलं.

तो येत होता प्रोसेसरवर बसवलेल्या छोट्या पंख्यातून. प्रोसेसर जी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकांच्या प्रोसेसरला पंखा लागतच नसे. २००४ पर्यंत पेंटियम ४ मालिकेतले काही प्रोसेसर ११५ वॉटपर्यंत पोहोचले होते. जुना शंभर वॉटचा दिवा आठवा. पेटलेल्या दिव्याला हात लावायची सोय नव्हती. त्याहून जास्त उष्णता इथे बोटाच्या नखाएवढ्या चकतीतून बाहेर काढायची असते. म्हणून चकतीवर धातूच्या पात्यांचा हीटसिंक बसवतात आणि त्यावर पंखा.

या छोट्या पंख्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली त्याच्या आकाराची. आपल्या छताचा पंखा सावकाश फिरूनही खोलीभर वारा देतो. छोटा टेबलफॅन तेवढ्या वाऱ्यासाठी किंचाळतो. सारख्याच घडणीच्या पंख्यांत, वेग तोच ठेवून व्यास दीडपट केला, तर हवा सुमारे सव्वातीनपट जाते. म्हणजे ८० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३००० फेरे घेऊन जेवढी हवा देतो, तेवढी १२० मिलिमीटरचा पंखा ९०० फेऱ्यांत देतो. नेहमीच्या सूत्रानुसार आवाज त्यामुळे सुमारे १४ डेसिबलनं उतरतो. दहा डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. शिवाय उरलेला आवाजही कर्कश राहत नाही, वाऱ्याच्या झुळकीसारखा होतो.

दुसरी अडचण लक्षात यायला वेळ लागतो. हा पंखा कॅबिनेटमधलीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा घुसळत असतो. हीटसिंक कितीही चांगला असला, तरी त्याला मिळणाऱ्या हवेपेक्षा तो थंड होऊ शकत नाही. खोलीत ३२ अंश आणि कॅबिनेटमध्ये ४२ अंश असतील, तर ते दहा अंश प्रोसेसरच्या माथी बसतात. पंखा मग आणखी जोरात फिरतो. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर जाते, तेव्हा हा फरक किती मोलाचा, ते सांगायला नको.

दोन्हींवर उपाय एकच. प्रोसेसरवरचा छोटा पंखा काढायचा, कॅबिनेटच्या मागच्या बाजूला मोठा पंखा सावकाश फिरवायचा आणि दोघांना एका बोगद्यानं जोडायचं. आजीची फुंकणी आठवते? नुसती फुंकर चुलीपुढे पसरून जाते. तीच फुंकणीतून घातली की नेमकी निखाऱ्यावर पडते. तिथे निखारा फुलवायचा असतो, इथे थंड करायचा, एवढाच फरक. शंभर वॉट उष्णता वाहून नेताना हवा दहा अंशांनी तापू दिली, तर सेकंदाला साधारण आठ लिटर हवा पुरते. मोठ्या पंख्याला हे काही जड नाही. मात्र ती हवा हीटसिंकच्या पात्यांमधून गेली पाहिजे, आजूबाजूनं निसटता कामा नये. बोगदा तेवढं काम करतो. तापलेली हवा तो थेट बाहेर सोडतो, त्यामुळे कॅबिनेटही तापत नाही.

मोठ्या कंपन्यांनीही हा मार्ग धरला होता. इंटेलनं २००४ मध्ये आणलेल्या बीटीएक्स रचनेत पुढून मोठा पंखा आणि बोगद्यातून थेट प्रोसेसरवर वारा अशी मांडणी होती. पण २००६ मध्ये कमी वीज खाणारे नवे प्रोसेसर आले आणि ती रचना मागे पडली. तत्त्व मात्र टिकलं. आजच्या उंच हीटसिंकवरही १२० किंवा १४० मिलिमीटरचे पंखेच दिसतात.

मी आधी मोठ्या पात्यांचा हीटसिंक आणला आणि बोगदा केला जाड पुठ्ठ्याचा. फटी चिकटपट्टीनं बंद केल्या. पंख्याच्या मधल्या गोलातून हवा जात नाही, म्हणून पंखा आणि पाती यांच्यात दोन-तीन बोटं अंतर ठेवलं. पातं अडथळ्याच्या फार जवळून फिरलं, तर शीळ वाजते. तीही त्यामुळे टळली.

करून पाहणाऱ्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. छोट्या पंख्याचा वारा मदरबोर्डवरच्या शेजारच्या भागांनाही थोडा लागत असतो. तो बंद झाला की ते तापतात, म्हणून बोगदा त्यांना पूर्ण झाकणारा नसावा. सगळा भार एकाच पंख्यावर येतो, तेव्हा पंखा थांबल्याची सूचना देणारी सोय बायोसमध्ये चालू करावी. पहिले काही दिवस, विशेषतः भर दुपारी, तापमान पाहत राहावं. फार चढलं तर जुना पंखा परत बसवण्यात कमीपणा नाही. आणि धूळ! पात्यांत धूळ बसली की सगळं गणित कोसळतं. महिन्या-दोन महिन्यांनी, वीज बंद करून, मऊ ब्रश फिरवावा.

बोगदा बसवल्यावर तिसऱ्या दिवशी वडील खोलीत डोकावले. "आज काम नाही वाटतं?" म्हणाले. संगणक चालूच होता. मी तसं सांगितलं, तर खुर्ची ओढून बसले आणि सकाळी बँकेत कोण भेटलं, ते सांगायला लागले.