पेडल काय म्हणतंय?

'अगं, दोनदा दाब, लागतो ब्रेक!' आजोबांचं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्यांची प्रीमियर पद्मिनी म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात लाडकी मेंबर. मागच्या सुट्टीत दिवे घाटातून जेजुरीला जायचं ठरलं आणि पहिल्यांदाच स्टिअरिंग माझ्या हातात आलं. स्वारगेटच्या सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभी होते, तर पेडल हळूहळू खाली जात थेट तळाला टेकलं! जेजुरी तिथेच कॅन्सल.

पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. मूळची ती फियाट ११००. मुंबईच्या टॅक्सीतूनही ती २०२३ मध्ये रिटायर झाली. चारही चाकांना ड्रम ब्रेक. तत्त्व आपलं फर्स्ट इयरचं, पास्कलचा नियम! पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइलवर दाब देतो, तो पाइपांतून प्रत्येक चाकाच्या व्हील सिलिंडरला पोचतो आणि ब्रेक शू ड्रमला घासतात. म्हणजे बिघाड कुठेही असो, त्याची खबर बहुतेक वेळा पायालाच आधी लागते. फक्त ती ओळखता आली पाहिजे.

पेडल स्पंजसारखं लागतंय? पाइपात हवा आहे. हवा दाबली जाते, ऑइल जवळजवळ नाही. पहिल्यांदा खोल जातं, पण लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर लागतं? शू झिजलेत किंवा ॲडजस्टमेंट सैल आहे. गाडी एका बाजूला ओढते? एखाद्या चाकाचा सिलिंडर जाम झालाय, नाहीतर गळून लायनिंग तेलकट झालंय. पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहतो? रबरी होज आतून फुगला असेल, ऑइल जातं पण परत येत नाही. ब्रेक मारताना पेडल थरथरतं? ड्रम ओव्हल झालाय.

आमच्या पेडलचं दुखणं या यादीत बसेना. नाना पेठेतल्या मेकॅनिक काकांकडे गाडी नेली. मला वाटलं, ऑइल गळत असणार. पण डब्यातली लेव्हल बरोब्बर होती आणि चारही चाकं कोरडी. मग दाब जातो कुठे?

काका म्हणाले, "ताई, आधी झटक्यात दाबा, मग अगदी हळू दाबा." झटक्यात दाबल्यावर पेडल थांबलं, हळू दाबल्यावर बुडालं. निदान झालं! मास्टर सिलिंडरमधला रबरी कप झिजलेला. जोरात दाबलं की कप फुगून भिंतीला घट्ट बसतो, हळू दाबलं की ऑइल त्याच्या कडेने मागे सरकून पुन्हा डब्यातच येतं. म्हणून लेव्हल कमी होत नाही. आजोबांचा 'दोनदा दाब' चालायचा तो याचमुळे. पण घाट उतरताना आपण ब्रेक हळू आणि सलग दाबतो. म्हणजे नेमका घाटातच त्याने दगा दिला असता.

सिलिंडर खोलला तर आत गंजाचे खड्डे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट-३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. वर गंज चढतो तो वेगळाच. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं. खड्ड्यांवर नवीन कप टिकत नाही, त्यामुळे अख्खा सिलिंडर बदलला आणि सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून बाटलीत बुडबुडे येणं थांबेपर्यंत हवा काढली.

दोन सूचना. डब्यात इंजिन ऑइल चुकूनही घालू नका, सगळे रबर फुगतात. आणि ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

सुट्टीत घरी गेलात की उभ्या गाडीचं ब्रेक पेडल हळूच दाबून एक मिनिट धरून बघा. खाली सरकलं तर गाडी बाहेर काढू नका. आम्ही पुढच्याच रविवारी जेजुरीला जाऊन आलो. आजोबा शेजारी बसून अजूनही म्हणत होते, 'दोनदा दाब!' मी एकदाच दाबला.