स्तोत्रांच्या सोबतीने (लेखांक ६) : पाण्याकाठची तहान

गेल्या आठवड्यात आपण ४१व्या स्तोत्रापाशी थांबलो. आजारी माणसाच्या त्या प्रार्थनेबरोबर स्तोत्रसंहितेच्या पाच भागांपैकी पहिला भाग संपतो. ४२व्या स्तोत्रापासून दुसरा भाग सुरू होतो आणि गाणाराही बदलतो. पहिल्या भागात जवळजवळ सगळीकडे दावीदाचे नाव होते. इथे शीर्षकात कोरहाचे पुत्र येतात. हे मंदिरातले गवई आणि द्वारपाळ. त्यांचा पूर्वज कोरह मोशेविरुद्ध उठला आणि नाश पावला, ती हकिगत गणनाच्या १६व्या अध्यायात आहे. पण त्याच पुस्तकाच्या २६व्या अध्यायात, नावांच्या लांबलचक यादीत, कोरहाचे मुलगे मेले नाहीत अशी एक छोटीशी नोंद सापडते. बंडखोराच्या वंशाला देवाने आपल्या घरात गाणे दिले! घराण्याच्या जुन्या गोष्टींचे ओझे ज्यांच्या मनावर आहे, त्यांनी ही नोंद आवर्जून काढून वाचावी.

४२ आणि ४३ ही मुळात एकच कविता असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ४३व्याला स्वतःचे शीर्षक नाही आणि एकच ध्रुपद दोन्हींत येते: ४२च्या ५व्या व ११व्या वचनात आणि ४३च्या ५व्या वचनात. म्हणून आज दोन्ही एकत्र घेऊ.

सुरुवातीची हरिणी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. घरातल्या कॅलेंडरवर ती निवांत झऱ्याकाठी उभी असते. प्राचीन ख्रिस्ती बाप्तिस्मागृहांच्या फरशीवरही रंगीत दगडांत जडवलेली, पाणी पिणारी हरणे सापडतात. कवितेतली हरिणी मात्र पाण्यापर्यंत पोचलेलीच नाही. त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि लांबलचक उन्हाळ्यात बहुतेक ओढे कोरडे पडतात. अशा कोरड्या पात्राशी घसा सुकलेले जनावर कासावीस होते, ते चित्र कवीच्या डोळ्यांपुढे आहे. लगेच पुढे तो सांगतो की रात्रंदिवस आसवे हेच त्याचे अन्न झाले आहे, आणि भोवतालचे लोक त्याला विचारत असतात की तुझा देव आहे तरी कुठे.

आणि कवी स्वतः कुठे आहे? सहावे वचन ते सांगते: यार्देनेच्या प्रदेशात, हर्मोनाच्या डोंगराळ मुलुखात. हर्मोन २,८१४ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावरचे बर्फ वितळून जमिनीत मुरते आणि पायथ्याशी मोठमोठ्या झऱ्यांनी बाहेर येते. यार्देन नदी तिथेच जन्मते. म्हणजे एवढ्या पाण्याच्या काठी उभा असलेला माणूस तहानेने व्याकूळ आहे. पुढच्याच वचनात धबधब्यांचा गर्जना करणारा आवाज येतो आणि देवाच्या लाटा त्याच्या डोक्यावरून जातात. पहिल्या कडव्यात पाण्याचा थेंब नाही, दुसऱ्यात पाण्याशिवाय काही नाही, आणि दोन्हीकडे जीव सारखाच गुदमरतो. दुःखाचे याहून नेमके वर्णन मी तरी वाचलेले नाही. ज्याच्या घरी अलीकडे मृत्यू झाला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एके दिवशी आत सगळे वाळून गेलेले असते आणि दुसऱ्या दिवशी तेच दुःख पुरासारखे अंगावर येते.

त्याची तहान कशाची, हेही तो लपवत नाही. यरुशलेम तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून दूर आहे. सणाच्या दिवशी गात, जयजयकार करत मंदिराकडे निघालेल्या समुदायात तो चालत असे, हे त्याला आठवते आणि जीव तुटतो. वारी चुकलेल्या वारकऱ्याची तळमळ ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे दुखणे लगेच कळेल. अंथरुणाला खिळल्यामुळे रविवारच्या उपासनेला मुकलेले वडीलधारे आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत. नोकरीपायी परमुलखात राहून एकट्याने प्रार्थना करणारेही आहेत. हे स्तोत्र आधी त्यांचे आहे.

आता ध्रुपद. कवी स्वतःच्या जिवालाच विचारतो की तू असा का खचलास, आतल्या आत का तळमळतोस. आणि मग त्याला देवाची वाट पाहायला सांगतो, कारण त्याचे स्तवन करण्याची वेळ पुन्हा येणार आहे. मनाशी बोलणे मराठी कानाला नवे नाही. समर्थांचे २०५ मनाचे श्लोक ऐकतच इथल्या किती पिढ्या वाढल्या. तिथे मनाला उपदेश आहे. इथे उपदेशाआधी विचारपूस आहे. कवी जिवाला दटावत नाही, त्याचे आधी ऐकून घेतो.

मार्टिन लॉईड-जोन्स हे लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर चॅपलचे उपदेशक आधी डॉक्टर होते. खचलेल्या विश्वासणाऱ्यांविषयीचे त्यांचे पुस्तक १९६५ साली निघाले, त्याची सुरुवात याच स्तोत्राने होते. त्यांचे म्हणणे असे की आपण दिवसभर मनाचे नुसते ऐकत राहतो, त्याच्याशी बोलत मात्र नाही. मला हे पटते. मात्र त्यांनीच शरीराच्या दुखण्यांचाही विचार केला आहे, हे विसरू नये. महिनोन्महिने झोप नाही, जगावेसे वाटत नाही, अशी अवस्था असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही गेले पाहिजे. त्यात विश्वासाची काहीच उणीव नाही.

या ध्रुपदाचा खरा धीर मला त्याच्या आवर्तनात दिसतो. पाचव्या वचनात ते एकदा गाऊन होते, आणि सहाव्यात कवी लगेच देवाला सांगतो की माझा जीव खचला आहे. स्वतःला दिलेला धीर एक वचनही टिकला नाही! मग लाटा येतात, टोमणे येतात, आणि तो तेच शब्द पुन्हा म्हणतो. तिसऱ्या खेपेस, ४३व्या स्तोत्रात, तो देवाजवळ प्रकाश आणि सत्य मागतो; ते मला वाट दाखवोत, तुझ्या डोंगरावर, तुझ्या वेदीपाशी नेवोत, म्हणजे मी वीणा घेऊन गाईन, असे म्हणतो. एवढी आशा वर आल्यावरही शेवटी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. कविता संपते तेव्हा तो यरुशलेमेत पोचलेला नसतो. काल म्हटलेला धीर आज पुन्हा म्हणावा लागतो, उद्याही लागेल, आणि पवित्र शास्त्राने ही पुनरुक्ती गाण्यातच जपून ठेवली आहे.

आपल्या मंडळ्यांमध्ये दुःखी माणसाला फार लवकर सांगितले जाते की तुझा विश्वास कमी पडला. हे बोलणे थांबले पाहिजे. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आपल्या जिवाच्या खिन्नतेविषयी शिष्यांपाशी काढलेल्या उद्गारांत अनेक अभ्यासकांना याच ध्रुपदाचा पडसाद ऐकू येतो. खुद्द प्रभूच्या ओठी आलेल्या खिन्नतेला आपण अविश्वास कसे म्हणणार?

या आठवड्यात एक करावे. तुमच्या मंडळीत उपासनेला येऊ न शकणारे जे कोणी असतील त्यांच्याकडे जावे आणि ही दोन्ही स्तोत्रे मध्ये न थांबता मोठ्याने वाचावीत. तिन्ही ध्रुपदे त्यांना म्हणू द्यावीत. पुढच्या लेखात कोरहपुत्रांचेच ४६वे स्तोत्र घेऊ.